लाईट आली

ठिकाण : वाशीम जिल्हा, कारंजा तालुक्यातलं रस्त्यालगतचं एक छोटं रिसॉर्ट. वेळ : मे महिन्यातला एक शनिवार. हे रिसॉर्ट, त्यातली माणसं आणि घड्याळातल्या वेळा रचलेल्या आहेत. विजेचे आकडे, नियम आणि मधे येणाऱ्या जुन्या दुर्घटना खऱ्या आहेत. शेवट आधीच सांगून ठेवतो. संध्याकाळी ७ वाजून २१ मिनिटांनी तलावाचा मेन स्विच पाडला जातो, तोवर दोघांना वाचवण्याची वेळ गेलेली असते. सुरुवात एका जळालेल्या दिव्याने होते.

शुक्रवार, रात्री ९:४०

तलावाच्या खोल बाजूच्या भिंतीतला दिवा विझतो. १२ व्होल्टचा, ३०० वॅटचा हॅलोजन, पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर. समोरच्या भिंतीतला दुसरा दिवा चालू राहतो.

पंपाच्या खोलीतला या दिव्याचा स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे १२ करतो आणि तेवढेच पाण्यापर्यंत जातात. पोहण्याच्या तलावासाठीचा आंतरराष्ट्रीय दंडक हाच आहे. माणसं ज्या पाण्यात उतरतात तिथे १२ व्होल्ट एसीच्या वर जायचं नाही, आणि ते देणारा ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून दूर ठेवायचा.

अर्धा तलाव अंधारात आहे. त्यापलीकडे या घडीला कसलाही धोका नाही.

शनिवार, सकाळी ८:१५

मालक वायरमनला फोन लावतो. संध्याकाळी चाळीस माणसांची वाढदिवसाची पार्टी आहे.

"काही बी कर, पन संध्याकाळपर्यंत तो लाईट लागला पाहिजे."

वायरमनचा हात घरांच्या वायरिंगवर आणि शेतातल्या मोटारींवर बसलेला आहे. त्याच्याकडे परवाना नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार असं काम परवानाधारक ठेकेदारामार्फत आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली व्हायला हवं. तो प्रश्न फोनवर निघत नाही.

सकाळी ९:३०

वायरमन येतो. पंपाच्या खोलीत जाऊन दिव्याचं बटन बंद करतो. एमसीबी चालूच ठेवतो, कारण त्याच बोर्डावर पाणी फिरवणारा पंप आहे. मेनला कुलूप लावत नाही, 'काम चालू आहे' अशी पाटीही नाही.

काठावर पालथं पडून तो भिंतीतल्या दिव्याचा वरचा स्क्रू काढतो. दिव्यामागच्या कोनाड्यात जास्तीची केबल गुंडाळून ठेवलेली असते, ती याच कामासाठी. दिवा केबलसकट काठावर येतो. तलाव उपसावा लागत नाही, पाण्यात उतरावं लागत नाही.

सात मिनिटांत दिवा कोरड्या फरशीवर आहे. इथवरची पद्धत, बटनावरची भिस्त सोडली, तर बरोबर आहे. आणि ती भिस्त अंगावर येत नाही, कारण केबलमध्ये फार तर १२ व्होल्ट आहेत.

सकाळी १०:५०

गावातलं दुकान. १२ व्होल्टचा तलावाचा दिवा नाही.

"भाऊ, बारा होल्टचा इथं भेटत नाही. अकोल्याहून मांगवा लागते. सोमवारी येईन."

"सोमवारी काय करू मी त्याले?"

दुकानदार ५० वॅटचा एलईडी फ्लडलाइट पुढे करतो. २३० व्होल्टचा. खोक्यावर 'वॉटरप्रूफ' असं लिहिलेलं आहे आणि खाली बारीक अक्षरात 'आयपी ६५'. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि चहूबाजूंनी पाण्याचा फवारा मारला तरी चालेल. पाण्याखाली कायम बुडून राहणाऱ्या दिव्याला शेवटचा आकडा ८ लागतो. पाच आणि आठ यांतला फरक दुकानात कुणी विचारत नाही. फ्लडलाइट घेतला जातो.

सकाळी ११:४५

२३० व्होल्टचा दिवा १२ व्होल्टवर लागत नाही. वायरमन ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंच्या वायरी सोडवतो आणि एकमेकींना जोडतो. ट्रान्सफॉर्मर भिंतीवर तसाच राहतो. आता त्याचं काही काम नाही.

दिव्याकडे जाणारी जुनी केबल दोनच तारांची आहे. १२ व्होल्टच्या त्या व्यवस्थेत तिसरी, अर्थिंगची तार लागत नव्हती. नव्या फ्लडलाइटमधून तीन तारा बाहेर येतात. हिरवी-पिवळी कशाला जोडणार? ती कापून टोकाला टेप गुंडाळला जातो.

उरलेल्या दोन तारांचा जोड कोनाड्यात, पाण्याखाली येतो. त्यावर काळ्या टेपचे पाच वेढे.

आणखी एक गोष्ट. पंपाच्या खोलीतलं दिव्याचं बटन बसवतानाच न्यूट्रलवर बसलं आहे. मधे ट्रान्सफॉर्मर होता तोवर बटन फेज तोडतं की न्यूट्रल, याने पाण्याला काही फरक पडत नव्हता. आता पडतो. बटन बंद केलं की दिवा विझेल, पण फेज थेट दिव्यापर्यंत, म्हणजे पाण्यापर्यंत, पोचलेलाच राहील.

वायरमन जोडाला टेस्टर लावून पाहतो. दुपारचं ऊन थेट काठावर आहे. टेस्टरमधला इवलासा निऑन अशा उजेडात पेटला काय, न पेटला काय, दिसत नाही. पिशवीत मल्टिमीटर नाही.

दुपारी १२:२०

फ्लडलाइट कोनाड्यात बसवून बटन दाबलं जातं. दिवा लागतो. दोन सेकंदांत बोर्डातून खट असा आवाज येतो आणि पंपासकट सगळं बंद पडतं.

पडली ती आरसीसीबी. वायरमन सवयीने तिला ईएलसीबी म्हणतात. फेजने जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलने परत आला का, एवढंच ती पाहते. फरक ३० मिलिअँपिअरचा झाला तर ०.३ सेकंदाच्या आत तिने पुरवठा तोडायचा असतो. हा आकडा माणसाच्या शरीरावरून ठरला आहे. एक मिलिअँपिअरच्या आसपास मुंग्या येतात. दहाच्या पुढे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तिसाच्या आसपास श्वासाचे स्नायू अडकतात. त्याच्या वर, काही सेकंद टिकला तर, हृदयाची लय बिघडते.

वायरमन ती तीनदा वर करतो, तीनदा ती पडते. तो मालकाला फोन लावतो.

"भाऊ, हे ईएलसीबी टिकत नाही. दिवा लागला का पडते."

"ते पहिल्यापासूनच तसं आहे. पावसाळ्यातबी पडे. काढून टाक, डायरेक्ट दे."

दुपारी १२:४५

आरसीसीबी बोर्डातून निघते आणि पंपाच्या खोलीतल्या टेबलाच्या खणात पडते. तिच्या जागी दोन तारांचे तुकडे.

बोर्डावर १६ अँपिअरची एमसीबी आहे. तिचं काम वायर जळू न देणं. माणसाचा जीव घ्यायला अँपिअरचा दहावा भागही पुरतो. सोळा अँपिअरची एमसीबी त्याकडे ढुंकूनही पाहणार नाही.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २००३ मध्ये एक हिशोब मांडला होता. आधीच्या १३ वर्षांत पोहण्याच्या तलावांत आणि त्यांच्या आसपास विजेने ६० मृत्यू. पाण्याखालच्या दिव्यांतला बिघाड आणि जुनाट वायरिंग ही त्यातली ठळक कारणं.

दुपारी १:०५

बटन दाबलं जातं. दिवा लागतो, लागलेला राहतो. वायरमन फोटो काढून मालकाला पाठवतो. मालकाकडून अंगठा येतो.

बटन बंद होतं, दिवा विझतो. वायरमन पैसे घेऊन निघतो. दिवा लागतो हे दोघांनी पाहिलं आहे. काही बिघडलं तर पुरवठा तुटेल का, हे कुणी पाहिलेलं नाही.

दुपारी ४:३५

तलाव साफ करणारा पोरगा लांब दांड्याच्या जाळीने पाला काढतो आहे. दांडा ॲल्युमिनिअमचा. पाय अनवाणी, काठ ओला. जाळी खोल बाजूच्या भिंतीजवळ जाते तेव्हा त्याच्या मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. दांडा बाहेर काढला की थांबतात. पुन्हा घातला की पुन्हा येतात.

तीन तासांत फ्लडलाइटच्या काचेच्या कडेने आत पाणी गेलेलं आहे. दिवा बंद आहे. फेज आहे.

"दादा, पान्याले करंट हाय वाटते."

मॅनेजर येतो. रबरी चप्पल घालून काठावर उकिडवा बसतो, उथळ बाजूला चार बोटं पाण्यात घालतो. काही लागत नाही. चप्पल कोरडी आहे, आणि दिवा इथून ३० फुटांवर आहे.

"लाईट बंद आहे ना? मंग करंट कुठून येईन?"

वायरमनला फोन करायचं कुणी मनावर घेत नाही. मेन पाडून पाहायला दहा सेकंद लागले असते. झिणझिण्या थांबल्या असत्या, आणि त्या कुठून येतात हेही कळलं असतं.

पोरगा उरलेला पाला हाताने काठावरून काढतो.

संध्याकाळी ५:३०

पाहुणे यायला लागतात. वाढदिवस बारा वर्षांच्या मुलाचा आहे. केक साडेसातला.

संध्याकाळी ६:२२

वळवाचा वारा सुटतो. पाऊस नाही, नुसती धूळ. लाईट जाते.

जनरेटर सुरू होतो. त्यावर हॉल आणि स्वयंपाकघर आहे. तलावाचा बोर्ड नाही.

संध्याकाळी ६:४०

वारा पडतो. मुलं पाण्यात उतरतात : नऊ मुलं, तीन मोठी माणसं. पोरगा जरा वेळ पाहत राहतो, मग स्वतः पायऱ्यांवर गुडघ्यापर्यंत उतरतो. झिणझिण्या नाहीत. दुपारची गोष्ट त्याच्या मनातून जाते.

फीडर बंद आहे. पुढची ३४ मिनिटं हा तलाव निर्धोक आहे. बारा जणांनी त्यात उतरून ते सिद्धच केलेलं आहे.

परत येणारी वीज काय करते याचा दाखला फार जुना नाही. १९ जुलै २०२३, उत्तराखंडातलं चमोली, अलकनंदेच्या काठावरचा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प. रात्री तिथल्या एका कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला होता. सकाळी पंचनाम्यासाठी पोलीस, होमगार्ड आणि गावकरी जमले. रात्री एक फेज गेला होता. तो सकाळी जोडला गेल्यावर प्रकल्पाच्या आवारात करंट उतरला, असं वीज महामंडळाच्या अधिकाऱ्याने सांगितलं. लोखंडी कठड्यातून वीज खेळली. १६ माणसं गेली. आधी एक मृत्यू होऊनही ती जागा पुरवठ्यापासून तोडलेली नव्हती.

संध्याकाळी ७:०५

मॅनेजर महावितरणच्या माणसाला फोन लावतो. दहा मिनिटांत येते, असं उत्तर मिळतं.

संध्याकाळी ७:१४

रस्त्यावरचे दिवे लागतात. पाण्यातली मुलं एका सुरात ओरडतात, "लाईट आली!"

पंप सुरू होतो. पाण्याखालचे दिवे अजून बंद आहेत. खोल बाजूच्या कोनाड्यात फेज आहे. आत पाणी भरलेल्या दिव्यातून तो तलावाच्या पाण्यात उतरतो आणि जमिनीकडे जायची वाट शोधतो : काँक्रीटमध्ये रोवलेली स्टीलची शिडी, पंपाकडे जाणारं पाणी.

तलावाच्या गोड्या पाण्यातून वीज तितकीशी सहज जात नाही. शरीरातल्या क्षारांमुळे माणसातून ती जास्त सहज जाते. म्हणून वाटेत माणूस आला की ती त्याच्यातून जाते. गोड्या पाण्यात दर फुटाला दोन व्होल्टचा फरकही जीवघेणा धरला जातो. कोनाड्यात २३० आहेत.

संध्याकाळी ७:१५

तलावाच्या मध्यावर दोन मुली म्हणतात, पाणी चावतंय. क्लोरीन जास्त झालं असेल, असं काठावरची एक बाई म्हणते. मुली बाहेर येतात, टॉवेल घेतात.

पाण्यातून बाहेर पडण्याचं हे एवढं एकच कारण त्या संध्याकाळी कुणाला सुचतं, आणि त्याने दोघी वाचतात.

संध्याकाळी ७:१६

मॅनेजर पंपाच्या खोलीत जाऊन दिव्यांचं बटन दाबतो. खोल बाजूचं पाणी निळंपांढरं होतं. टाळ्या पडतात.

संध्याकाळी ७:१७

ज्याचा वाढदिवस आहे तो मुलगा नव्या दिव्याकडे पोहत जातो. कोनाड्यापासून हातभर अंतरावर थांबतो.

तो ओरडत नाही. स्नायू आखडले की छातीतून आवाज निघत नाही, हात हलत नाहीत. काठावरून पाहणाऱ्याला माणूस तरंगतोय असंच वाटतं. पाण्यात विजेचा धक्का बसलेले बहुतेक बुडताना दिसतात. अंगावर भाजल्याची खूणही बहुधा राहत नाही.

७ वाजून १७ मिनिटं, ५० सेकंद

मुलाचा मामा कपड्यांसकट उडी टाकतो. चार हात मारतो. पाचवा पडत नाही.

ऑगस्ट २०१३ च्या अखेरीस ह्यूस्टनच्या एका हॉटेलच्या तलावात हेच घडलं. लहान भावाला धक्का बसला. त्याला वाचवायला उतरलेला २७ वर्षांचा तरुण नंतर दगावला. तिथल्याही दिव्याच्या जोडणीला गळती पकडणारं उपकरण नव्हतं. अशा वेळी पाण्यात उतरणारा दुसरा माणूस हा दुसरा बळी असतो. आधी मेन पाडायचा, मग कोरड्या लाकडी काठीने किंवा दोराने ओढायचं. काठावर या वेळी एकच लांब दांडा आहे, ॲल्युमिनिअमचा.

संध्याकाळी ७:१८

कुणीतरी ओरडतं, करंट आहे! मॅनेजर धावत जाऊन बटन बंद करतो. पाणी काळं होतं.

"लाईट बंद केली!"

सगळ्यांना वाटतं, वीज तुटली. तुटला आहे तो न्यूट्रल.

संध्याकाळी ७:१९

तलाव साफ करणारा पोरगा स्टीलच्या शिडीला एका हाताने धरतो, दुसरा हात मामाच्या दिशेने लांबवतो. पाण्याला हात लागताच शिडीवरची मूठ घट्ट होते. मागून एक पाहुणा त्याच्या शर्टाला धरून त्याला ओढतो. शर्ट कोरडा आहे, टराटरा फाटतो. पोरगा फरशीवर पडतो. तो जगतो.

संध्याकाळी ७:२०

मॅनेजर वायरमनला फोन लावतो. पलीकडून उत्तर यायला दोन सेकंद लागतात.

"बटन नोको. मेन पाडा, मेन."

संध्याकाळी ७:२१

मेन पडतो. पंप थांबतो. शनिवारी पहिल्यांदाच तो हाताने पाडला गेला आहे.

संध्याकाळी ७:२३

दोघांना काठावर घेतलं जातं. १०८ ला फोन होतो. हृदय थांबल्यावर मेंदू चार ते सहा मिनिटं तग धरतो. छाती दाबायला कुणी सुरुवात केली नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. मुलाला सहा मिनिटं झाली आहेत. काठावरच्या माणसांत छाती दाबायला शिकलेलं कुणी नाही. पोटातलं पाणी काढण्यासाठी मुलाला पालथं घातलं जातं.

संध्याकाळी ७:५१

रुग्णवाहिका फाटकातून आत येते.

रात्री ८:३५

रुग्णालयात दोघांना तपासून मृत घोषित केलं जातं. वय १२ आणि ३४. पोलिसांच्या पहिल्या नोंदीत 'पाण्यात बुडून' असं येतं. वायरमनचं नाव अजून कुणी घेतलेलं नाही.

रविवार

विजेने मृत्यू झाला की २४ तासांच्या आत विद्युत निरीक्षकाला कळवायचं आणि ४८ तासांच्या आत नमुना 'अ' मध्ये लेखी अहवाल द्यायचा, असा २००५ चा नियम आहे. रिसॉर्टमध्ये हा नमुना कुणी पाहिलेला नाही. पोलीस तो मिळवून देतात.

सोमवार, सकाळी ११:००

निरीक्षक पंपाच्या खोलीत येतात. तलावापासून सगळ्यांना लांब केलं जातं. मेन वर, दिव्याचं बटन बंद. मल्टिमीटरची एक तार अर्थिंगला, दुसरी दिव्याच्या केबलला. २२८ व्होल्ट.

मेन खाली. बोर्डाला कुलूप, कुलपावर पाटी. पुन्हा मोजणी : शून्य. मग दिवा भिंतीतून वर काढला जातो. काचेच्या आत पाणी आहे. जोडावरचा टेप सुटलेला आहे. कापलेली हिरवी-पिवळी तार जागच्या जागी आहे.

हाच क्रम दिवा बदलण्याचाही आहे. मेन पाडा, कुलूप लावा, मीटरने मोजून खात्री करा. दिवा कोरड्या काठावर आणा. त्याच व्होल्टेजचा, त्याच वॅटचा, पाण्याखाली चालणाराच दिवा घाला. जुना रबरी गॅस्केट फेकून नवा बसवा. दिवा मिळाला नाही तर कोनाडा अंधारात राहू द्या. शेवटी पुरवठा सुरू करून आरसीसीबीचं 'टी' लिहिलेलं बटन दाबा. ती पडली तरच पाणी माणसांसाठी उघडा.

दुपारी १२:१०

खणातली आरसीसीबी बाहेर काढून चाचणी यंत्राला जोडली जाते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान पडली पाहिजे, असं मानक सांगतं. ही २२ ला पडते. तीनदा लावली, तीनदा २२.

अहवालातल्या तिच्या नावापुढच्या रकान्यात निरीक्षक एक शब्द लिहितात : सुस्थितीत.